नवावर एक

पहाटे ५.१०

फोन वाजला तेव्हा पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की पलीकडचं बोलणं दोनदा विचारावं लागलं. काकूंची सून बोलत होती.

"मॅडम, आत्यांचं अंग चटकतंय."

"किती भरतंय?"

"एकशे एक."

"कधीपासून?"

उत्तर यायला वेळ लागला. "रात्री अकरापासून. म्हटलं एवढ्या पावसात तुम्हाला कशाला उठवायचं. तुळशीचा काढा दिला."

उशाशी ठेवलेली वही मी उघडली. काकूंची तिसरी केमो गेल्याच्या गेल्या शनिवारी झाली. तो पहिला दिवस धरला तर आज दहावा. पण काकूंच्या घरात हा शब्द चालत नाही. पहिल्या वेळी मी सहज "दहावा दिवस जपायचा" म्हणाले, तर काकूंनी तोंडावर हात ठेवला होता. "जित्या माणसाचा दहावा घालता का?" तेव्हापासून आम्ही 'नवावर एक' म्हणतो. काकूच बोटं मोजून म्हणतात: नऊ झाले, नवावर एक, नवावर दोन.

त्यांच्या कालनिर्णयवर सातव्यापासून चौदाव्यापर्यंतच्या चौकटी मी लाल पेनाने रंगवून ठेवल्या आहेत. केमो भराभर वाढणाऱ्या पेशी मारते आणि हाडांतल्या मज्जेतल्या पेशीही भराभरच वाढतात. या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला जातात. एरवी सर्दीपडशाचा असतो तसा ताप या दिवसांत जिवावर बेततो. कॅलेंडरखाली भिंतीवरच लिहून ठेवलंय: १००.४. एवढा ताप एकदा जरी भरला तरी काढा नाही, तापाची गोळी नाही, सकाळ होण्याची वाट नाही. आधी फोन, मग गाडी.

भिंतीवरचं अक्षर चांगलं ठळक आहे. पण रात्री अकराला, पावसात, वीज नसताना, घरातल्या बाईचा हात भिंतीकडे जात नाही, तुळशीकडे जातो. तिला मी काय रागावणार? तिच्या आजीनेही तेच केलं असतं आणि आजीच्या काळी ते बरोबरही ठरलं असतं.

पुण्याच्या हॉस्पिटलात फोन लावला. रात्रपाळीच्या डॉक्टरांना सांगितलं: स्तनाचा कॅन्सर, तिसरं सायकल, दिवस दहा (त्यांच्याशी बोलताना 'दहा' चालतो), ताप सहा तास, काढा एक कप. "लगेच निघू द्या, थेट इमर्जन्सीला," ते म्हणाले. शेजाऱ्यांची पिकअप साडेपाचला निघाली. भोर, कापूरहोळ, कात्रज. पावसात दोन तास तरी.

सकाळी ७.३०

आज श्रावणी सोमवार. दवाखान्याकडे जाताना नागेश्वराच्या वाटेवरून गेले. ओढा दुथडी भरला होता आणि संस्थानच्या काळातला झुलता पूल माणसांच्या पावलांनी हलत होता. पायांत चप्पल नाही, डोक्यावर इरलं नाही तर प्लास्टिकचं खोळपं, हातात बेलाची पानं. बाहेरगावचे लोक हा पूल आणि कान्होजी जेध्यांची, जिवा महालाची समाधी बघायला येतात. आमच्या रोहिडखोऱ्यातल्या माणसाला इतिहास रोजचाच आहे. त्याला आज चिंता असते ती लावणी उरकली की नाही, आणि उपासाला काय करायचं याची.

उपास हा माझ्या कामातला मोठा विषय आहे. केमो चालू असलेल्या बाईला "सोमवार सोडा" म्हटलं तर ती हो म्हणते आणि धरते. म्हणून मी सोडा म्हणतच नाही. राजगिऱ्याची खीर, उकळलेलं दूध, उकडलेलं रताळं, साल काढलेलं केळं चालेल, असं सांगते. भगर मात्र ताजी दळलेली, घरी निवडलेली. दमट हवेत साठवलेल्या भगरीला बुरशी धरते आणि दर वर्षी उपासाच्या दिवसांत विषबाधेच्या बातम्या येतात. पेशी उतरलेल्या माणसाला तेवढंही पुरे होतं. देव असा कसा रागावेल, वगैरे मी बोलत नाही. त्यांचा देव त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

सकाळी ९ ते १०.३०

रोजची ओपीडी. लावणीच्या चिखलाने झालेल्या चिखल्या, पोरांचे खोकले, एक विंचू. मी बीएएमएस. घरात वैद्यकी आजोबांपासून. कपाटात अजून त्यांचा खल आहे, वापरात नसलेला.

सकाळी १०.४०

एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले एक अण्णा आले, सोबत पुतण्या. अण्णांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. दर पंधरा दिवसांनी पुण्याला जाऊन 'सलाईन लावून' येतात. पुतण्याने पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेली पुडी काढून टेबलावर ठेवली. आत सालीचे तुकडे.

"ओळखा," तो म्हणाला.

वास घेतला आणि ओळखलं. नरक्या.

"ह्याच्यापासूनच केमो बनते ना? मोबाईलवर बघितलं मी. मग तिकडे एवढे पैसे मोजून पिशवीतलं घ्यायचं, त्यापेक्षा हीच साल उकळून दिली तर? निसर्गाचीच आहे. त्रास तरी होणार नाही."

पोरगा हुशार आहे, त्याने वाचलेलं खोटंही नाही. अशा वेळी "मूर्खपणा आहे" म्हणून पुडी फेकून दिली की माणूस दुसऱ्या दाराने तेच करतो. म्हणून बाहेरच्या बाकावर चार पेशंट असूनही मी खुर्ची ओढून बसले.

नरक्या आपल्या सह्याद्रीतलं झाड. फुलांना घाण वास म्हणून हे नाव. त्यात कॅम्पटोथेसिन नावाचं द्रव्य असतं. ते पहिल्यांदा सापडलं एका चिनी झाडात, अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत, १९६६ साली. शोधणारे दोघं, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. वाणी आपल्या नंदुरबारात जन्मलेले. हे ऐकून अण्णा पहिल्यांदा ताठ बसले. "नंदुरबारला गाडी नेलीय मी," ते म्हणाले. सत्तरच्या दशकात भारतातल्या रसायनशास्त्रज्ञांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात मिळालं. पुढे त्याची मागणी इतकी वाढली की घाटातली झाडं चोरून तोडली जाऊ लागली.

"मग?" पुतण्या म्हणाला.

मग असं, की ते द्रव्य जवळजवळ जसंच्या तसं माणसांना देऊन बघितलं गेलं. १९७० च्या सुमारास, अमेरिकेत. पेशंटना न थांबणारे जुलाब झाले, लघवीतून रक्त गेलं. ते प्रयोग थांबवले. त्यानंतर त्या रेणूत फेरफार करून इरिनोटेकान तयार झालं, ते १९९४ मध्ये जपानात मंजूर झालं. अण्णांची फाईल उघडून मी त्या नावाखाली बोट धरलं. अण्णांना गेले तीन महिने तेच लागतंय. नरक्याच आहे तो, पण मापलेला, अण्णांच्या उंची-वजनावर हिशेब करून, रक्त तपासून दिलेला. पुडीतली साल किती उकळली की किती उतरतं हे ना तुला माहीत, ना मला, ना माझ्या आजोबांना. आणि पिशवीतला नरक्या अंगात असताना वर पुडीतला पाजलास तर तो दुप्पट झाला की दसपट, ते जुलाब सुरू झाल्यावरच कळेल.

पुतण्या गप्प झाला. अण्णांनी हळूच सांगितलं, "जुलाब तर चालूच हायत. कालपासून सात-आठ वेळा."

हे पुतण्याला माहीत नव्हतं, हॉस्पिटललाही नव्हतं. नरक्याची पुडी आली नसती तर मलाही कळलं नसतं. इरिनोटेकाननंतर चार-सहा दिवसांनी येणारे जुलाब साधे नसतात. त्यासाठी हॉस्पिटलने गोळ्या दिलेल्या असतात आणि त्या नेहमीपेक्षा जास्त वेळा, ठरवून दिल्याप्रमाणे घ्यायच्या असतात. अण्णांनी एक घेऊन बाकीच्या 'जपून' ठेवल्या होत्या. माझ्या कपाटात कुटजाच्या वड्या आहेत. जुलाबाला कुटज हे मी झोपेतही लिहीन. आज कपाट उघडलं नाही. आधी पुण्याला फोन, त्यांनी सांगितल्या तशा गोळ्या, वर तांदळाची पेज मीठ घालून, दर जुलाबामागे एक पेला. चोवीस तासांत थांबले नाहीत किंवा ताप आला तर ॲडमिट.

पेज हे माझं औषध. त्याच्यावर कुणाचा आक्षेप नाही.

दुपारी १२.१५

काकूंच्या सुनेचा फोन लागत नाही. पिकअपवाल्या पोराचा लागला. "आत घेतलंय, सलाईन लावलंय," एवढंच त्याला माहीत.

दुपारी १२.३०

भोरहून आलेली एक मावशी. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन, मग केमो, मग 'लाईट' दिली (रेडिएशनला आमच्याकडे लाईट किंवा शेक म्हणतात), आता रोज एक टॅमॉक्सिफेन. पर्समधून तिने एक डबी काढली. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, मिरीचा अर्क घातलेल्या. साखळीपद्धतीने माल विकणाऱ्या बाईने दिल्या आणि "कॅन्सर परत यायचा नाही" असंही सांगितलं.

सोबत मोबाईलवर एक व्हिडिओ. २०२४ च्या नोव्हेंबरात नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा कॅन्सर आहाराने, हळद-कडुनिंबाने बरा झाल्याचं सांगितलं होतं, तो अजून फिरतोच आहे. त्यावर टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी सही करून पत्रक काढलं की या गोष्टींनी कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही, उपचार थांबवू नका. ते पत्रक मावशीच्या मोबाईलवर आलं नव्हतं. पत्रकं फॉरवर्ड होत नाहीत.

मी तिला हळदीविरुद्ध काही सांगत नाही. आमटीत, दुधात घाल की. कॅप्सूल मात्र वेगळी गोष्ट. नेदरलँड्समध्ये २०१९ साली टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या थोड्या स्त्रियांवर हे मोजून बघितलं. कर्क्युमिन, त्यातही मिरीच्या अर्कासोबत घेतलं, की टॅमॉक्सिफेनपासून शरीरात बनणारं खरं काम करणारं द्रव्य रक्तात कमी भरलं. म्हणजे जे परत येऊ नये म्हणून डबी विकत घेतली, ते अडवणारी गोळीच लंगडी होण्याची भीती. मिरी औषध शरीरात मुरवते हे आम्हाला कॉलेजात कौतुकाने शिकवलं होतं. दुसऱ्याच्या औषधाचं काय होईल, हा प्रश्न तेव्हा वर्गात कुणी विचारला नाही. मीही नाही.

"डॉक्टरांना दाखवलीस का डबी?"

"ते ओरडतात."

"आणि मला का दाखवलीस?"

"तुम्ही बी वरडता, पण बसवून वरडता."

हे मी प्रशस्तिपत्र म्हणून घेतलं.

दुपारी २

जेवण, आणि वही. प्रत्येक कॅन्सर-पेशंटची माझ्याकडे एक वही असते. तीन रकाने: आज कितवा दिवस, हॉस्पिटलने काय दिलं, घरात काय घेतलं. तिसरा रकाना भरायला सर्वांत वेळ लागतो. अंगारा, गोमूत्र, लक्ष्मीतरूची पानं, कुठल्याशा बाबाची पुडी. पहिल्या भेटीत कुणी सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत, चप्पल घालता घालता, उंबऱ्यात सांगतात.

लोक विचारतात, आयुर्वेद आणि केमो एकत्र चालतं का? वाघोलीला भारतीय संस्कृती दर्शन ट्रस्टचं केंद्र १९९४ पासून याच कामात आहे, आमच्या भागातूनही तिकडे माणसं जातात. मला विचारणाऱ्याला वाटतं, उत्तर हो किंवा नाही असणार. मी कालनिर्णय पुढे ओढते. सुंठ किंवा आलं केमोच्या आधीपासून तीन-चार दिवस, मळमळीसाठी, दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम. अमेरिकेत ५७६ पेशंटांवर करून २०१२ मध्ये छापलेल्या अभ्यासात त्याचा उपयोग दिसला. अर्थात उलटीची गोळी चालू ठेवून, तिच्या बदली नव्हे. प्लेटलेट उतरल्या की आलं बंद. तोंड आलं की मीठ-सोड्याच्या गुळण्या. सात ते चौदा या दिवसांत अंगाला मालिश नाही, बस्ती तर मुळीच नाही. भस्मं आणि रसौषधी केमो संपेपर्यंत कपाटात. शेतात जसं, तसंच. युरिया चांगला की वाईट हे कुणी विचारत नाही, कधी टाकायचा ते विचारतात.

येल विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१८ चा एक पेपर मी प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. मूळ उपचारासोबत इतर उपाय घेणाऱ्या २५८ पेशंटांत मृत्यूचा धोका दुप्पट दिसला. पहिल्यांदा वाचून छातीत धस्स झालं, कारण 'सोबत' हेच तर माझं काम. मग नीट वाचलं. मारलं ते सोबत घेतलेल्या पुडीने नव्हतं. त्यांनी मूळ उपचारातलं काहीतरी नाकारलं होतं, कुणी ऑपरेशन, कुणी केमो, कुणी रेडिएशन. सोबत घेता घेता हातातलं एक एक सुटत जातं. अण्णांनी 'जपून' ठेवलेल्या गोळ्या त्यातल्याच.

दुपारी ४

शाळेच्या ओसरीत पाचजणी. सगळ्यांची छातीची ऑपरेशनं झालेली. सतरंजीवर श्वास, खांदे, मग उभं राहून भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, दर सोमवारी पेन्सिलीची खूण. एकीची खूण आज चार बोटं वर गेली तेव्हा बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाटा मेमोरियलने ८५० स्त्रियांवर योगाची चाचणी केली आणि डॉ. नीता नायर यांनी ती डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोच्या परिषदेत मांडली. एका गटाला नेहमीचा व्यायाम, दुसऱ्याला योग. योगाच्या गटात आजार न परतता जगण्यात १५ टक्क्यांची तुलनात्मक सुधारणा सांगितली गेली. मी हे पाचजणींना सांगितलं, पण जपून. योगाने कॅन्सर जातो असं ऐकायला लोक टपलेले असतात. चाचणीतल्या स्त्रियांचे मूळ उपचार होतेच, योग त्यावर होता.

ओसरीतलं खरं भांडण लावणीवरून असतं. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला सूज धरते. त्या हाताला चिखलातला काटा, भाताच्या पात्याचा चरा लागला तर हात लाल होऊन सुजतो. म्हणून त्या बाजूने सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, घट्ट बांगडी नाही. "मग पडजीला येणाऱ्यांच्या शेतावर फेड करायला कोण जाईल?" एकीने विचारलं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरीनेच दिलं: "तू बांधावर बसून रोपाच्या मुठी मोज. चहा कर. तेवढं चालतंय गावात." चालतं की नाही ते मला माहीत नाही, पण त्यांनी ठरवलं.

सायंकाळी ५.४५

वरच्या आळीत एक आजोबा. तोंडाचा कॅन्सर, आता फक्त दुखणं कमी करणं उरलंय. आयुष्यभर तंबाखू. त्यांच्या शेजारी बसलेल्या आजी अजून मिश्री लावतात, माझ्यासमोरच बोट तोंडात. पुण्यात वारज्याला सिपलाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे, सेवा मोफत. तिथे राहून आल्यावर आजोबांची झोप परत आली. मॉर्फिनची गोळी वेळेवर दिली जाते ना, एवढंच मी बघते. मग खोबरेल कोमट करून तळपायांना लावते, पाच-सात मिनिटं, जोर न लावता. याने काही बरं होणार नाही हे आजोबांना माहीत आहे, मलाही. ते डोळे मिटून घेतात.

रात्री ८.२०

काकूंच्या सुनेचा फोन लागला. पांढऱ्या पेशी चारशे. प्रतिजैविक पोचल्या पोचल्या सुरू केलं, ताप दुपारी उतरला. बीपी ठीक. पाच-सहा दिवस ठेवतील. मी खुर्चीत मागे टेकले.

"मॅडम, एक सांगायचं होतं."

उंबऱ्यातलं बोलणं. आता फोनवर.

"काढ्यात नुसती तुळस नव्हती. गेले पंधरा दिवस आत्यांना गुळवेल सत्त्व देत होतो. सकाळ-संध्याकाळ. पेशी वाढाव्यात म्हणून. तुम्ही सांगाल की नको, म्हणून बोललो नाही."

"कुठून आणलंत?"

"घरातच होतं. डबीवर तुमच्याच दवाखान्याचं लेबल आहे. मामांना दिलेलं ना, परवाच्या वर्षी, तापाला."

मी दिलेलं. झाकणावर माझ्या हातची खूण असेल, दिवसातून दोनदा. तेव्हा ते ताप येऊन गेलेल्या धडधाकट माणसाला दिलं होतं. किती दिवसांनी फेकून द्यायचं, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, हे लिहिलेलं नव्हतं. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले, तेव्हा आयुष मंत्रालयाने हरकत घेतली होती की वनस्पती नीट ओळखली गेली नसेल. आमच्या वैद्यांच्या ग्रुपवर मीही त्या हरकतीच्या बाजूने तावातावाने लिहिलं होतं. माझी गुळवेल तर कडुनिंबावरची, ओळखीची. पण केमोच्या औषधांनी यकृतावर आधीच ताण असताना कुठली गुळवेल, हा वाद काकूंच्या उपयोगाचा नाही.

"रागावलात?"

"नाही. बरं झालं सांगितलंस. डबी आता कुठाय?"

"पिशवीत. सोबतच आणलीय."

"सिस्टरना दाखव. आत्ता. मी डॉक्टरांशी बोलते."

रात्री ८.४५

वॉर्डातले निवासी डॉक्टर तरुण असावेत. मी नाव सांगितलं, रुग्णाचा बेड सांगितला, गुळवेल सत्त्व, अंदाजे किती, किती दिवस. "यकृताच्या तपासण्या सकाळच्या रक्तात घालतो," ते म्हणाले. मग विचारलं, "हे दिलं कुणी, कळलं का?"

"मीच," मी म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्याला. पण लेबल माझं आहे."

पलीकडे कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. "ठीक आहे मॅडम. लिहून घेतलं. डबीवर उत्पादनाची तारीख असेल तर पाठवा."

रात्री ९.३०

काकूंशी अर्धं मिनिट बोलणं झालं. आवाज खोल, पण तक्रार शाबूत. हॉस्पिटलच्या भातात मीठ नाही. सोमवार मोडला. "मोडला नाही," मी म्हटलं, "लांबलाय." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "उद्या नवावर दोन."

वही काढली. तारीख, नवावर एक. दुसऱ्या रकान्यात प्रतिजैविक. तिसऱ्यात: तुळशीचा काढा, रात्री ११. गुळवेल सत्त्व, १५ दिवस. आणि कुणी दिलं त्यासमोर माझं नाव.

मग कपाट उघडून उरलेल्या डब्या टेबलावर घेतल्या. चौदा निघाल्या. पाऊस थांबला होता, ओढ्याचा आवाज येत होता. मार्कर वाळला होता, दुसरा शोधावा लागला.